सरावाचं बाळ

मी एक जुनं बाळ आहे. हसू नका, मित्रांनो. बाळ कधी जुनं असतं का, असं तुम्ही म्हणाल. पण मी गेली कित्येक वर्षं सहाच महिन्यांचा आहे. मला दात आले नाहीत, मी पालथा पडलो नाही, रांगलो नाही. खरं तर मी मुलगा की मुलगी हेसुद्धा कुणी ठरवलं नव्हतं. पुढे एका लहान मुलीने मला छोटू म्हणायला सुरुवात केली, तेव्हापासून मी स्वतःला मुलगा समजतो.

माझं अंग रबराचं आहे. छातीत हृदय नाही, एक स्प्रिंग आहे आणि प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या आहेत. माझ्या नाकातोंडावर तोंड ठेवून कुणी हलकी फुंकर घातली की त्या पिशव्या फुगतात आणि छाती वर येते. उजव्या दंडात एक बारीक नळी आहे. नळीच्या दुसऱ्या टोकाला मुठीत मावेल एवढा रबरी फुगा. तो फुगा कुणी दाबत राहिलं की माझ्या दंडाला नाडी लागते. दाबणं थांबलं की नाडी जाते. म्हणजे माझं जगणंमरणं कायम दुसऱ्याच्या मुठीत. सगळ्याच तान्ह्या बाळांचं तसं असतं म्हणा.

श्वास थांबलेल्या बाळाला पुन्हा श्वास कसा द्यायचा, घशात काही अडकलं तर ते कसं काढायचं, हे डॉक्टर आणि नर्स आधी माझ्यावर शिकतात. चुका माझ्यावर करून घेतात. मी सरावाचं बाळ आहे.

दूर कुठल्याशा देशातल्या कारखान्यात मला घडवलं आणि खोक्यात घालून दिल्लीला पाठवलं. यमुनेपलीकडच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या स्किल लॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, माझं खोकं उघडलं गेलं. सुरुवातीची वर्षं सुखाची होती. रोज वेगळे हात. काही घाबरट, काही दांडगट. काही जण स्पिरिटच्या बोळ्याने माझं तोंड इतकं पुसायचे की माझ्या ओठांचा गुलाबी रंग उडून गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. एकदा एक नर्स बेसनाचा लाडू घेऊन आली. तिच्या भाच्याच्या घशात नाणं अडकलं होतं, आणि माझ्यावर शिकली होती तसंच त्याला उपडं धरून तिने पाठीवर थापट्या मारल्या होत्या. लाडू माझ्या उशाशी ठेवून ती मला म्हणाली, "ले, तेरा हिस्सा." त्या दिवशी मी स्वतःला खऱ्या बाळांपेक्षाही मोठा वाटलो.

मग नवी बाळं आली. त्यांच्या छातीत दिवे होते. बरोबर दाबलं की हिरवा, चुकलं की लाल. त्यांना चार्जर लागायचा, शिकणाऱ्यांचे गुण पडद्यावर दिसायचे. माझ्याकडे काय होतं? मला उचलून एका पत्र्याच्या ट्रंकेत टाकलं. वर फाटके एप्रन आणि रक्तदाब मोजायची मोडकी यंत्रं. दिल्लीचा उन्हाळा ट्रंकेत कसा असतो, ते सांगत नाही. माझ्या कातडीला भेगा पडल्या, मानेजवळचं रबर चिकट झालं. कुणाच्या उपयोगाला यायचं नसेल तर सहा महिन्यांचं राहण्यात काय मजा, असं मला वाटायला लागलं होतं, तेव्हा डॉक्टर लुंबिनी आली.

तिची ओळख करून देतो. लुंबिनीचं घराणं अमरावतीकडचं. वडील दादाराव एका मंत्रालयात नोकरीला लागले म्हणून कुटुंब दिल्लीत आलं, आणि लुंबिनी सरकारी क्वार्टरमध्येच लहानाची मोठी झाली. वडील आता नाहीत. आई कौसल्या तिच्याकडेच असते. नवरा प्रफुल्ल नोएडातल्या एका कंपनीत संगणकाचं काम करतो. आणि त्यांची मुलगी मैत्री, पुढच्या वर्षी शाळेत जाणारी. सगळे दिल्लीला लागूनच गाझियाबादेत, वैशाली नावाच्या वस्तीतल्या एका फ्लॅटमध्ये राहतात.

लुंबिनी इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एमडी करत होती. रुग्णालयाच्या दारात अॅम्ब्युलन्स थांबली की सगळ्यात आधी जो डॉक्टर धावतो, त्याचं ते शास्त्र. ती हुशार होती. लेखी पेपर तिने सहज काढले. पण प्रॅक्टिकलला ती नापास झाली होती.

कशात, तेही सांगतो. या परीक्षेत एकामागून एक खोल्या असतात. त्यांना स्टेशन म्हणतात. घंटा वाजली की एका स्टेशनात शिरायचं, समोरचा रुग्ण सांभाळायचा, पुन्हा घंटा झाली की बाहेर. एका स्टेशनात बाळ होतं, दिवेवालं नवं बाळ. ते वाचणार नव्हतंच. परीक्षकांना बघायचं होतं ते वेगळंच. सगळे उपाय संपले हे डॉक्टरला कळतं का, कळल्यावर त्याला थांबता येतं का, आणि शेजारी खुर्चीवर बसलेल्या आईला ते स्पष्ट शब्दांत सांगता येतं का. लुंबिनी थांबलीच नाही. घंटा वाजेपर्यंत ती दाबत राहिली. आई म्हणून बसवलेली सिस्टर खुर्चीवर तशीच बसून राहिली, तिच्याशी कुणी बोललंच नाही.

आता सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. बरोबरीचे सगळे पास होऊन नोकऱ्यांना लागले होते. या वेळीही गेली तर पुढचं काही खरं नव्हतं. कौसल्याआजी तर म्हणायला लागली होती की पुरे झालं, साधी डॉक्टरकी कर आणि लेकराकडे बघ.

लुंबिनीची ड्यूटी संपायची तेव्हा लॅबला कुलूप लागलेलं असायचं. म्हणून तिने सुनेत्रा मॅडमकडे एक बाळ घरी नेण्याची परवानगी मागितली. सुनेत्रा मॅडम तिच्या विभागातल्या ज्येष्ठ डॉक्टर, मूळच्या पुण्याच्या, बोलायला तिखट. त्यांनी ट्रंक उघडायला लावली. म्हणाल्या, हे जुनं ने. याला दिवे लागत नाहीत, म्हणजे तुलाच लक्ष द्यावं लागेल.

मेट्रो स्टेशनच्या दारात माझी बॅग तपासणीच्या यंत्रातून गेली. पडद्यासमोर बसलेली बाई एकदम उभी राहिली. पट्टा थांबला, रांग थांबली. पडद्यावर तिला काय दिसलं असेल, तुम्हीच विचार करा. "मॅडम, बैग खोलिए," ती म्हणाली. लुंबिनीने चेन उघडली. माझं रंग उडालेलं तोंड वर आलं तसा रांगेतला एक माणूस दोन पावलं मागे सरला. लुंबिनीने ओळखपत्र दाखवून सगळं समजावलं, कुणीतरी हसलं, पट्टा सुरू झाला. पण ती बाई हसली नाही. चेन लावायच्या आधी तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिचं स्वतःचं बाळ असावं घरी.

वैशालीतल्या घरात माझे पुन्हा चांगले दिवस सुरू झाले. संध्याकाळी आजी बुद्धवंदना म्हणायची, ते झालं की हॉलमध्ये चटई पडायची आणि माझा सराव व्हायचा. प्रफुल्ल फुगा घेऊन बसायचा. तो परीक्षकही व्हायचा, नर्सही व्हायचा, आणि अधूनमधून ऑफिसचा फोनही घ्यायचा. लुंबिनी दोन्ही हातांनी माझी छाती वेढून अंगठ्यांनी दाबायची, तोंडाने मोठ्याने औषधांची नावं म्हणायची.

मैत्री समोर बसून बघायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं की हा कोण आणि याला काय झालंय. आजारी आहे, लुंबिनी म्हणाली. मैत्रीने लगेच माझं नाव छोटू ठेवलं आणि जाहीर केलं की ती छोटूची मम्मी आहे. आता छोटू बरा झाल्याशिवाय ती जेवेना.

मैत्रीचं जेवण हा त्या घरातला रोजचा तंटा होता. एकेका घासासाठी आजीला घरभर फिरावं लागायचं. आणि मग हे सापडलं. सराव संपत आला की प्रफुल्ल फुगा दाबायचा. लुंबिनी माझ्या दंडाला बोटं लावून म्हणायची, "नाडी आली. छोटू उठला." की मैत्री टाळ्या वाजवायची, मला मांडीवर घ्यायची आणि एक घास मला, एक स्वतःला असं करत सगळा वरणभात संपवायची. आजी म्हणायची, या रबराच्या पोट्ट्याने पुण्य कमावलं. भाताची शितं माझ्या गळ्याच्या भेगेत जाऊन बसायची. मला फार आवडायचं.

पण मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं का? त्या घरात मी रोज उठत होतो. ज्या गोष्टीत लुंबिनी नापास झाली होती, तिचा सराव एकदाही झाला नाही. ताट वाढलेलं असायचं आणि समोर मैत्री बसलेली असायची. तिच्यासमोर बाळ मरू कसं द्यायचं? प्रफुल्लने एकदा हळूच आठवण केली, तर लुंबिनी म्हणाली की ते वाचून होईल, ते काय चार वाक्यांचं काम आहे. मी चटईवर पडून ऐकत होतो. तिच्या अंगठ्यांना आता सवय लागली होती की थोडं अजून दाबलं की नाडी येते.

मग थंडी आली. दिल्लीच्या थंडीत सकाळ धुरकट असते आणि दुपारी जरा ऊन पडलं की लोक गच्चीवर जाऊन बसतात. स्वेटर विणतात, मुळा खातात, भाजलेल्या शेंगा सोलतात. अशाच एका रविवारी लुंबिनीच्या ड्यूटीत एक बाळ आलं. मी तिथे नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आली, बूट न काढता भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि प्रफुल्लला तिने सगळं सांगितलं, तेव्हा मला कळलं.

बाळ नुकतं रांगायला लागलं होतं. गच्चीवर सगळं घर ऊन खात बसलं होतं. आजी, काका, आई, भावंडं. शेंगांचा ढीग आणि टरफलांचा ढीग. बाळ टरफलांशी खेळत होतं. इतकी माणसं होती की प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याचं लक्ष आहे. एक दाणा, मित्रांनो. ते खोकलं, मग खोकायचं थांबलं, आणि थांबलं म्हणून बरं झालं असं घरच्यांना वाटलं. कळलं तेव्हा रिक्षा शोधली, आणि रिक्षा पुलावरच्या गर्दीत अडकली.

लुंबिनीने घशातला दाणा चिमट्याने काढला. पण बाळ आलं तेव्हाच अंग गार पडलेलं होतं. तरी तिने छाती दाबायला घेतली. औषधं दिली. यंत्रावरची रेघ सरळच होती. सोबतच्या डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं, नर्सने तिचं नाव घेतलं, तरी ती थांबली नाही. बाळाची आई पडद्याच्या फटीतून बघत होती. लुंबिनीचे हात चालू होते तोवर ती नुसती बघत होती, रडतही नव्हती. शेवटी सुनेत्रा मॅडम आल्या. त्यांनी लुंबिनीची मनगटं धरली आणि तिचे हात उचलून बाजूला ठेवले.

बाहेर जाऊन सांगितलंही मॅडमनीच. तेव्हा ती आई मॅडमकडे बघतच नव्हती. लुंबिनीकडे बघून ती म्हणाली, "अभी तक तो आप दबा रही थीं. दबा रही थीं मतलब ज़िंदा था ना?"

हे सांगून लुंबिनीने बूट काढले. प्रफुल्ल तिच्या शेजारी बसून राहिला. त्याने विचारलं, मॅडम काही बोलल्या का. लुंबिनी म्हणाली, बोलल्या. चहा पाजला आणि बोलल्या. "लुंबिनी, तू त्या बाळासाठी दाबत नव्हतीस. ते गेलं होतं, ते तुला कळत होतं. त्या बाईसमोर जायला लागू नये म्हणून तू दाबत होतीस. आणि तेवढा वेळ ती तिथे उभी राहून आशा धरत होती."

त्या दिवशी सराव झाला नाही. मैत्रीने मला टॉवेलात गुंडाळून स्वतःच फुगा दाबला, स्वतःच नाडी बघितली आणि अर्धंच ताट संपवलं. लुंबिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिने मैत्रीच्या हातातल्या फुग्याकडे असं पाहिलं की मला भीती वाटली.

दुसऱ्या संध्याकाळी चटई पडली. प्रफुल्लला तिने आधीच आत बोलावून काहीतरी सांगितलं होतं. तो बाहेर आला तेव्हा कुणाकडे बघत नव्हता. आजीने ताट वाढून आणलं. लुंबिनीने मला समोर घेतलं. तेच सगळं झालं. तेच अंगठे, तीच औषधांची नावं. मैत्री पाट सरकवत जवळ आली.

"पप्पा, आता दाबा," ती म्हणाली.

प्रफुल्लने फुगा चटईवर ठेवला.

मैत्रीने वाट पाहिली, मग स्वतःच फुगा उचलला आणि दोन्ही हातांनी दाबायला लागली. माझ्या दंडाला नाडी धावायला लागली, वेडीवाकडी, जोरात. लुंबिनीची बोटं माझ्या दंडावरच होती. मला वाटलं, आता ती म्हणेल. रोजच्यासारखं म्हणेल आणि आपण सगळे जेवू. तिची बोटं तिथे जरा वेळ राहिली. मग तिने दंडातली नळी हळूच ओढून काढली. मैत्री फुगा दाबत होती, आणि फुग्यातून नुसती हवा फुसफुसत होती.

"मम्मी, असं का केलंस? दाब ना त्याला अजून."

"दाबून आता होणार नाही," लुंबिनी म्हणाली. तिने माझ्या छातीवरचे हात काढले. "मैत्री, तू छोटूची मम्मी आहेस ना?"

"हो."

"मग इथे बस माझ्याजवळ. मला तुला सांगायचंय. छोटू फार आजारी होता. आम्ही सगळं केलं. पण छोटूचा मृत्यू झाला."

एवढ्याशा मैत्रीला तो शब्द ठाऊक नव्हता. "म्हणजे?" तिने विचारलं.

लुंबिनीने मान खाली घातली नाही. "छोटू मेला, मैत्री. मेला म्हणजे आता उठणार नाही. उद्यापण नाही."

कौसल्याआजीने हातातली वाटी खाली आदळली. काहून लेकराच्या तोंडचा घास काढतेस, ती म्हणाली, पास होण्यासाठी आता घरातच मरण आणणार का. प्रफुल्ल तिला समजवायला उठला, तर त्यालाही तिने सुनावलं की तू तरी बाप ना रे. लुंबिनी मैत्रीकडेच बघत होती. मैत्री रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मग ताटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मग मी आता जेवू की नको?" तिने विचारलं.

लुंबिनीचा चेहरा एवढासा झाला. ताट जवळ ओढून ती म्हणाली, "जेव. मी बसते तुझ्याजवळ." आणि ती बसली. दोघींनी एका ताटात गार झालेला भात खाल्ला. आजी आत जाऊन दिव्यासमोर बसली.

त्या रात्रीनंतर मैत्रीने मला हात लावला नाही. खेळताना ती माझ्या चटईला वळसा घालून जायची. आणखी एक गोष्ट सुरू झाली. दुपारी आजी आडवी झाली की मैत्री पावलं न वाजवता यायची आणि तिच्या दंडाला दोन बोटं लावून बघायची. आजी जागी असायची. डोळे मिटून ती तो दंड तसाच राहू द्यायची. लुंबिनीने हे एकदा दारातून पाहिलं आणि उलट पावली स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत होता. आपण लेकीला काय दिलं, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. तिला परत घेता येत नव्हतं, एवढं खरं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅबमधून फोन आला. नव्या बाळाच्या आतलं काहीतरी बिघडलं होतं, दिवे लागत नव्हते. जुनं घेऊन ये, सुनेत्रा मॅडमनी कळवलं. अशा रीतीने ट्रंकेतलं म्हातारं बाळ परीक्षेला बसलं.

मी उंच टेबलावर पडून होतो. फुगा बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांच्या मुठीत होता. ते गंभीर गृहस्थ होते, चष्म्याच्या वरून बघायचे. पलीकडे खुर्चीवर सिस्टर सुमित्रा आई होऊन बसली होती. सकाळपासून ती किती जणांसमोर आई होऊन बसली होती. एकाने मृत्यूची बातमी तिला उभ्या उभ्या सांगितली होती, एकाने इतकी लांबण लावली होती की बाळ गेलं हे तिला शेवटपर्यंत कळलं नसतं.

घंटा वाजली. लुंबिनी आत आली. मला ओळखून तिचं पाऊल जरा अडखळलं, मग तिचे अंगठे माझ्या छातीवर आले. मी त्या अंगठ्यांना ओळखत होतो. तिने सगळं केलं, काही सोडलं नाही. परीक्षक म्हणाले की यंत्रावर सरळ रेघ आहे. तिने दंडाला बोटं लावली. मी फुग्याची वाट पाहिली. मूठ हलली नाही.

तिने मदतीला असलेल्या दोघांना विचारलं की कुणाला आणखी काही सुचतंय का. कुणाला सुचलं नाही. "मग मी थांबते," ती म्हणाली, आणि तिने हात उचलले.

चटईवरची ती संध्याकाळ सोडली तर एवढ्या वर्षांत माझ्या छातीवरून हात निघाले ते घंटा झाली म्हणून, नाहीतर नाडी आली म्हणून; सकाळचे विद्यार्थीही परीक्षकांनी सांगितल्यावरच थांबले होते. कुणी समजून-उमजून माझ्यावरून हात काढले, असं परीक्षेच्या टेबलावर पहिल्यांदाच होत होतं. तिने माझ्या तोंडातली नळी काढली, ओठ पुसले. टॉवेल गळ्यापर्यंत ओढला, तोंडावर घेतला नाही. आईला बघायचं असेल.

मग ती खुर्चीपाशी गेली. दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसली. "मैं डॉक्टर लुंबिनी हूँ," ती म्हणाली. "मुझे आपको बहुत बुरी ख़बर देनी है. हमने पूरी कोशिश की. आपके बच्चे की मौत हो गई है."

आणि ती गप्प राहिली. मित्रांनो, सरावात सगळ्यांना हेच जमत नाही. ते बोलत सुटतात. लुंबिनी बसून राहिली, सुमित्राला हवं तेव्हा बोलता यावं म्हणून. सुमित्राला पाठ केलेले प्रश्न विचारायचे होते. ती विसरली का काय, कोण जाणे. तिने एवढंच विचारलं, "देख लूँ उसको?" लुंबिनीने तिला माझ्याजवळ आणलं. सुमित्राने माझ्या गालाला हात लावला. परीक्षकांनी फुगा टेबलावर ठेवून दिला आणि ते काहीतरी लिहू लागले. घंटा वाजली तरी लुंबिनी लगेच निघाली नाही. सुमित्राच्या पाठीवर तिने हात ठेवला आणि मग ती पुढच्या खोलीत गेली.

ती पास झाली. त्याच रुग्णालयात नोकरीला लागली. आता नवे विद्यार्थी माझ्यावर शिकतात आणि लुंबिनी मॅडम शिकवतात. त्या जीव तोडून दाबायला शिकवतात, कारण पुष्कळ बाळं त्यामुळेच वाचतात, हे विसरू नका. पण शेवटी त्या प्रत्येकाला माझ्यावरून हात काढायला लावतात आणि खुर्चीवर बसलेल्या आईशी बोलायला लावतात. पुष्कळ जण तिथे रडतात. मॅडम त्यांना रडू देतात आणि पुन्हा करायला लावतात.

आता पुन्हा थंडी पडली आहे. माझी स्प्रिंग कुरकुरते, मानेची भेग वाढली आहे. मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. रबर आज ना उद्या फाटणारच. माझं मागणं वेगळं आहे.

मी मेलो की शेजारच्या खुर्चीवर सिस्टर सुमित्रा बसलेली असते. ड्यूटी संपली की ती पर्स उचलून घरी जाते. तुमच्या घरातल्या, शेजारच्या, मावशीकडच्या बाळासाठी त्या खुर्चीवर जी बसेल, तिला घरी जाता येणार नाही. गेली तरी ती तिथेच बसलेली राहील. लुंबिनी मॅडमसारख्या डॉक्टर दारात उभ्या असतात, पण रिक्षा पुलावर अडकते.

म्हणून गच्चीवर शेंगा सोलल्या की उठण्याआधी टरफलांत हात फिरवून बघा. मणी, बटण, घड्याळातला चपटा सेल, तुटलेल्या खेळण्याचं चाक, काहीही दिसलं तर उचला. सगळे बसलेत, कुणीतरी बघेलच, असं म्हणू नका. मोठी माणसं उंचावरून बघतात, त्यांना खालचं दिसत नाही. तुम्ही अजून जमिनीच्या जवळ आहात.